जिनिंगचा हंगाम सुरू होण्याआधी पॅनलमधले इंटरलॉक कसे तपासावेत

जळगाव, चोपडा, पारोळा, शिरपूर या पट्ट्यातल्या जिनिंगची पॅनल रूम वर्षातले कित्येक महिने कुलपात असते. कापूस संपतो, पत्र्याच्या शेडवर पंचेचाळीस अंशांचा मे महिना तापतो, मग पावसाळा जातो आणि दसऱ्याच्या आसपास पहिली गाडी दारात उभी राहिली की सगळं एका दिवसात सुरू करायचं असतं. या बंद काळात तांब्याच्या बसबारला (वीज वाटणाऱ्या पट्ट्यांना) फारसं काही होत नाही. बिघडतात ते यांत्रिक भाग. ग्रीस वाळून चिकट होतं, त्यावर रुईचं तूस आणि धूळ बसते, जिवंत कॉन्टॅक्ट झाकणाऱ्या शटरचे दांडे अडकतात, भागाची जागा ओळखणाऱ्या लिमिट स्विचच्या पट्ट्या गंजतात, केबलच्या उघड्या भोकातून पाली आणि उंदीर आत शिरतात.

पॅनलमधलं दुसरं काहीही बिघडलं की काम थांबतं, आणि काम थांबलं की दुरुस्ती होते. इंटरलॉक म्हणजे चुकीच्या वेळी दार उघडू न देणारा किंवा ब्रेकर हलवू न देणारा अडथळा; तो बिघडला तर काम थांबत नाही, उलट सोपं होतं. दार चालू लाइनवर उघडतं, हँडल कधीही बसतं, कोणाची तक्रार येत नाही. म्हणून तो मुद्दाम तपासावा लागतो, आणि त्यासाठी हंगामाआधीचा एक पूर्ण दिवस काढून ठेवायला हवा.

उदाहरणासाठी नेहमीची मांडणी धरू: ११ केव्हीची लाइन, डीपीवर (दोन खांबांच्या उभारणीवर) एबी स्विच (हवेत उघडणारा हाताचा स्विच) आणि डीओ (गळून पडणारा फ्यूज), मीटरिंग क्युबिकल, व्हीसीबी (व्हॅक्यूम ब्रेकर) पॅनल, ५०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, ८०० अँपिअरचा एसीबी (एअर ब्रेकर), पुढे एमसीसीबीचे (बंद खोक्यातल्या लहान ब्रेकरचे) फीडर, एपीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या कपॅसिटरचं) पॅनल आणि एक डीजी (डिझेल जनरेटर). या ट्रान्सफॉर्मरचा पूर्ण लोडचा करंट एचटी (उच्च दाबाच्या) बाजूला सुमारे २६ अँपिअर आणि ४३३ व्होल्टला ६६७ अँपिअर येतो. इम्पिडन्स ४.५ टक्के धरला तर एलटी (कमी दाबाच्या) बसवर शॉर्ट झाल्यास जवळपास १४,८०० अँपिअर धावतात. चाचणीच्या दिवशी हा आकडा डोक्यात असू द्या. हे सगळं काम परवानाधारक पर्यवेक्षक आणि तारतंत्री यांनीच करायचं आहे. मालकाने किंवा फिटरने हा लेख वाचून पाना हातात घेऊ नये.

आधी लाइन मेलेली करा

इंटरलॉकच्या काही चाचण्यांत ब्रेकर 'सर्व्हिस' (बसबारला जोडलेल्या) जागेवर न्यावा लागतो. त्यामुळे मागची (वीज येते त्या बाजूची) लाइन बंद असल्याशिवाय चाचणीला हातच लावायचा नाही. एबी स्विच महावितरणच्या ताब्यात असेल तर रीतसर एलसी (लाइन बंद ठेवल्याची परवानगी) घ्या, आणि तीही लेखी. 'फोनवर बोलणं झालंय' याला एलसी म्हणत नाहीत.

क्रम असा. सगळ्या मोटरी एकेक करून बंद करा. एपीएफसी मॅन्युअलवर घेऊन सगळे स्टेप उतरवा. मग एसीबी बंद करून तो बाहेर ओढा. डीजीचा सिलेक्टर 'ऑफ'वर ठेवा आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. ऑटोवर राहिलेला डीजी लाइन गेली की आपण होऊन सुरू होतो, आणि तेव्हा तुमचे हात बसवर असतात. आता व्हीसीबी ट्रिप करा. पॅनलवरचा लाल-हिरवा दिवा पुरेसा नाही, दिवे जातात. ब्रेकरवरचं यांत्रिक निशाण पाहा आणि अँमीटर शून्यावर आल्याची खात्री करा. मग ट्रक (ब्रेकर बसवलेली सरकती गाडी) 'टेस्ट'वर, म्हणजे बसबारपासून सुटलेल्या जागेवर, आणा.

एबी स्विच त्यानंतरच. हा स्विच लोडवर उघडण्यासाठी नाही, त्याच्याजवळ आर्क विझवायचं साधनच नाही. उघडल्यावर खाली उभं राहून तिन्ही पाती वेगळी झाली का ते डोळ्यांनी मोजा. दांडा खाली आला म्हणजे तिन्ही पाती सुटली असं नाही. एखादं पातं चिकटून राहतं किंवा त्याचा जोड सरकतो. दांड्याला कुलूप लावा. किल्ली ज्याने लावली त्याच्या खिशात. चार माणसं काम करत असतील तर चार कुलपं, एकाच हॅस्पमध्ये (अनेक कुलपं बसणाऱ्या कडीत).

मग एचटी डिटेक्टर. आधी तो चालू लाइनवर किंवा त्याच्या टेस्टरवर वाजतो का ते बघा, मग बंद केलेल्या तारेवर धरा, नंतर पुन्हा टेस्टरवर. तिसरी पायरी बहुतेक जण गाळतात. डिटेक्टरचा सेल मधेच गेला असेल तर मेलेल्या तारेवर आणि जिवंत तारेवर तो सारखाच गप्प राहतो.

डिस्चार्ज रॉडचा क्लँप आधी अर्थला जोडा, नंतर आकडा फेजला लावा. तिन्ही फेजना. काढताना उलट. कपॅसिटरमध्ये डिस्चार्ज रेझिस्टर असतात, पण ते तुटलेले असू शकतात; किमान पाच मिनिटं थांबून नंतर रॉडने शॉर्ट करा.

एक जागा नेहमी विसरली जाते. पीटी (मोजमापासाठीचा व्होल्टेज ट्रान्सफॉर्मर) ११,००० व्होल्टचे ११० करतो, तसाच ११० चे ११,०००ही करतो. रिले (दोष ओळखून ब्रेकर सोडवणारं उपकरण) तपासणारा माणूस सेकंडरीवर व्होल्टेज देणार असेल तर पीटीचे सेकंडरी फ्यूज आधी काढा. वीज कंपनीच्या सील केलेल्या मीटरिंग क्युबिकलला मात्र हात लावायचा नाही.

व्हीसीबीचा ट्रक: कुठे अडकायला हवा

व्हीसीबी आर्क विझवतो तो व्हॅक्यूम बॉटलच्या आत. ट्रकच्या मागचे फिंगर कॉन्टॅक्ट मात्र हवेत असतात, त्यांना करंट तोडता येत नाही. ब्रेकर चालू असताना ट्रक ओढला की आर्क बॉटलमध्ये न होता स्पाउटच्या (कॉन्टॅक्ट शिरतो त्या खोबणीच्या) तोंडाशी, उघड्या हवेत होतो. ट्रकवरचे जवळपास सगळे इंटरलॉक ही एक गोष्ट टाळण्यासाठी आहेत.

मागची लाइन बंद आहे, एसीबी बाहेर आहे, डीजी बंद आहे. आता पॅनलच्या आतली अर्थिंग काढा आणि ट्रक 'सर्व्हिस'ला न्या. मागच्या डीपीवरची अर्थिंग तशीच राहू द्या. कंट्रोल सप्लाय पॉवर पॅकच्या बॅटरीवर चालेल. ते बरंच आहे, कारण बॅटरीचीही परीक्षा होते. स्प्रिंग हाताने चार्ज करा आणि ब्रेकर लावा, म्हणजे 'ऑन' करा.

आता रॅकिंग हँडल (ट्रक आत-बाहेर सरकवणारं) घालून पाहा. काही पॅनलमध्ये भोकाची झडप उघडतच नाही, काहींमध्ये हँडल घालायला गेलं की ब्रेकर आधी ट्रिप होतो. दोन्ही प्रकार योग्य. हँडल बसलं, फिरलं आणि ब्रेकर 'ऑन'च राहिला, तर तो पॅनल हंगामात घ्यायचा नाही.

ब्रेकर ट्रिप करून ट्रक अर्ध्या वाटेवर आणा, सर्व्हिस आणि टेस्टच्या मधे. इथे क्लोज कॉइलनेही ब्रेकर लागता कामा नये आणि हाताच्या बटणानेही. दोन्ही वेगवेगळे तपासा. कॉइल अडवणारा लिमिट स्विच विजेचा असतो, बटण अडवणारी पट्टी यांत्रिक असते. एक ठीक असली तरी दुसरी वाकलेली असू शकते. सर्व्हिस जागेवर कंट्रोलचा प्लगही निघता कामा नये. प्लग निघाला तर रिले ट्रिपचा आदेश देतो आणि तो कॉइलपर्यंत पोचतच नाही.

'टेस्ट'वर आल्यावर टॉर्च घेऊन शटर बघा. बसबारच्या बाजूचं आणि केबलच्या बाजूचं, दोन्ही पूर्ण खाली आलेले हवेत. दोन बोटांची फट राहिली तरी ते शटर नाही. बहुधा दांड्यावरच्या वाळलेल्या ग्रीसमध्ये तूस अडकलेलं असतं. मऊ फडक्याने आणि कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा, उत्पादकाने सांगितलेलं ग्रीस पातळ थरात लावा. इंजिन ऑइल किंवा खोबरेल लावू नका. पहिल्या आठवड्यात शटर मऊ चालतं आणि डिसेंबरपर्यंत त्यावर कापसाची गादी तयार होते.

मेकॅनिझममध्ये हात घालण्याआधी स्प्रिंग उतरवायलाच हवी. ब्रेकर 'ऑफ' दिसतो, पण क्लोजिंग स्प्रिंग ताणलेली असते आणि ती बोट तोडू शकते. आधी चार्जिंग मोटरचा सप्लाय काढा, नाहीतर ती लगेच पुन्हा ताणते. मग ट्रिप, क्लोज, ट्रिप. निशाण 'डिस्चार्ज्ड' दाखवतंय का ते बघा आणि मगच पाना आत.

अँटी-पंपिंग तपासायला क्लोजचा स्विच धरून ठेवा आणि कोणाला तरी ट्रिप द्यायला सांगा. ब्रेकर एकदा सुटला की स्विच धरलेला असला तरी पुन्हा लागता कामा नये. फॉल्टवर ब्रेकर लाग-सुट करत राहिला तर काय होईल हे सांगायची गरज नाही. मास्टर ट्रिप रिले लॅच झाल्यावर, तो हाताने रिसेट करेपर्यंत, क्लोज मिळता कामा नये, हेही बघा. काही ठिकाणी रिसेटच्या बटणाला तार गुंडाळून ठेवलेली सापडते. ती तार कापा आणि का गुंडाळली होती ते विचारा, उत्तर बहुधा केबल बॉक्समध्ये असतं.

पॉवर पॅकचा एसी पूर्ण काढून ब्रेकर एकदा तरी ट्रिप झालाच पाहिजे. शॉर्ट सर्किट होतं तेव्हा लाइनचं व्होल्टेजच खाली बसतं, म्हणजे ट्रिपची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हा एसी सप्लाय नसतो. मे महिना पत्र्याखाली काढलेली सीलबंद बॅटरी व्होल्टमीटरवर पूर्ण दाखवते आणि कॉइलचा करंट मागितला की बसते. म्हणून मीटरवर विश्वास न ठेवता ट्रिप करून बघा.

अर्थ स्विच, आणि इनकमरचा सापळा

ट्रान्सफॉर्मरकडे जाणाऱ्या पॅनलमध्ये अर्थ स्विच असतो तो केबल अर्थ करण्यासाठी. ट्रक 'सर्व्हिस'ला असताना त्याचं हँडल बसता कामा नये, आणि अर्थ स्विच लागलेला असताना ट्रक आत जाता कामा नये. दोन्ही दिशा तपासा. एकच दिशा बघून 'ठीक आहे' लिहिलेले अहवाल पुष्कळ असतात.

इनकमर (लाइनकडून वीज घेणाऱ्या) पॅनलची गोष्ट वेगळी. तिथे ट्रक बाहेर काढला तरी केबल जिवंतच असते, कारण ती लाइनकडून येते. त्या केबलला अर्थ स्विच असेल तर ट्रकशी लावलेला इंटरलॉक काहीही वाचवत नाही. तो स्विच मारला की ११ केव्हीवर थेट शॉर्ट. म्हणून इनकमरला अर्थ स्विच नसावा, किंवा असला तर मागच्या स्विचच्या किल्लीने बांधलेला असावा. पॅनल जुना विकत आणला असेल तर हे आधी बघा. आउटगोइंग म्हणून बनलेला पॅनल इनकमर म्हणून बसवलेला असू शकतो, बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. पॅनलवरचे कपॅसिटिव्ह दिवे केबल जिवंत आहे हे सांगायला उपयोगी, पण दिवा विझलेला दिसला म्हणून केबल मेली असं धरू नका.

कॅसल की आणि डीजी

डीजीचा ब्रेकर आणि लाइनचा एसीबी एकाच वेळी लागले तर दोन गोष्टी होतात. लाइन चालू असेल तर अल्टरनेटर जळतो. लाइन गेलेली असेल तर डीजीचे ४१५ व्होल्ट ट्रान्सफॉर्मरमधून उलटे चढून डीपीवर ११ हजार होतात, आणि खांबावर चढलेल्या लाइनमनला वाटत असतं की लाइन बंद आहे.

हे टाळायला कॅसल की: दोन ब्रेकरना दोन कुलपं आणि किल्ली एकच. ब्रेकर बंद केल्याशिवाय किल्ली निघत नाही, किल्लीशिवाय दुसरा लागत नाही. दोन इनकमर आणि एक बस कपलर (दोन बस जोडणारा ब्रेकर) असेल तर तीन कुलपं आणि दोनच किल्ल्या. चाचणी सोपी आहे: एसीबी 'ऑन' असताना किल्ली ओढून पाहा, निघता कामा नये. पण खरी तपासणी ऑफिसच्या खणात करायची. उत्पादकाकडून आलेली दुसरी किल्ली तिथे पडलेली असते, 'अडचणीला असावी' म्हणून. ती सापडली की इंटरलॉक नाही असंच समजा. डुप्लिकेट किल्ली पाकिटात सील करून मालकाच्या तिजोरीत, रजिस्टरमध्ये नोंद करून; पॅनल रूमच्या खिळ्यावर कधीच नाही.

लहान डाळ मिलमध्ये कॅसल की ऐवजी चेंजओव्हर स्विच असतो. तो चार पोलचा हवा आणि मधे 'शून्य' जागा हवी. तीन पोलचा असेल तर न्यूट्रल जोडलेलाच राहतो.

एलटी पॅनल

एमसीसीबीचं रोटरी हँडल 'ऑन' असताना दार उघडता कामा नये. हँडलजवळ एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की चालू असताना दार उघडतं. थर्मल कॅमेऱ्याने जोड बघायला तो दिलेला आहे. कामगारांनी तो कायमचा फिरवून ठेवलेला सापडतो. 'ऑफ' जागेवर हँडलला कुलूप बसतं का तेही बघा. आणि कॉन्टॅक्ट चिकटलेले असताना हँडल 'ऑफ' दाखवतं का? चांगल्या एमसीसीबीत ते 'ऑफ'ला जातच नाही. हँडल जोर लावून 'ऑफ' करावं लागत असेल तर जोर लावू नका, एमसीसीबी बदला.

स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये स्टारचा आणि डेल्टाचा कॉन्टॅक्टर एकत्र लागले की तिन्ही फेज शॉर्ट. म्हणून दोन अडथळे हवेत: एकमेकांच्या कॉइलमध्ये एनसी (एरवी जोडलेला राहणारा) कॉन्टॅक्ट, आणि दोन कॉन्टॅक्टरच्या मधे यांत्रिक पट्टी. कॉन्टॅक्टर बदलताना ही पट्टी पुष्कळदा परत बसत नाही. सप्लाय बंद ठेवून एक कॉन्टॅक्टर स्क्रूड्रायव्हरने दाबा, दुसरा दाबून पाहा. दबला तर पट्टी नाही. ओव्हरलोड रिले डेल्टाच्या आतल्या करंटवर असतो, तेव्हा त्याचं सेटिंग लाइन करंटच्या ०.५८ पट. ३० एचपीची मोटर साधारण ४० अँपिअर घेते, म्हणजे रिले २३ वर. प्लेटवरचा ४० जसाच्या तसा लावला की रिले शोभेचा राहतो आणि मोटर रिवाइंडिंगला जाते.

उन्हाचा एक मुद्दा. थर्मल एमसीसीबी बहुधा ४० अंशांना कॅलिब्रेट केलेला असतो. पत्र्याखालच्या पॅनलमध्ये त्याहून बरंच जास्त तापतं आणि तो लवकर ट्रिप होतो. मग कोणीतरी सेटिंगची डायल ०.८ वरून १ वर नेतो. थंडी पडल्यावर ती तशीच राहते आणि केबलला संरक्षण उरत नाही. उपाय डायलमध्ये नाही: फिल्टर साफ करा, पॅनलचा पंखा चालू करा, शेडला वरून हवा द्या.

काम करणाऱ्याच्या जागेबद्दल नियमातली जुनी अट अजून पाळण्यासारखी आहे. पॅनलसमोर किमान १ मीटर मोकळी जागा. मागे एकतर २० सेंटीमीटरपेक्षा कमी किंवा ७५ पेक्षा जास्त. मधल्या मापात माणूस शिरतो आणि निघू शकत नाही. सरकीच्या गोण्या पॅनलला टेकवून ठेवण्याची सवय मोडायलाच हवी. समोर आयएस १५६५२ ची मॅट, ११ केव्हीसाठी २.५ मिलिमीटर जाडीची. काळ्या रबराचा कोणताही तुकडा चालत नाही.

काळी जमीन आणि अर्थ

बॉडीला फेज लागला तर ब्रेकर सुटेल असं सगळे धरून चालतात. हिशेब करा. परतीचा रस्ता फक्त मातीतून असेल आणि त्याचा रोध ५ ओहम असेल तर २३० व्होल्टला ४६ अँपिअर वाहतात. १०० अँपिअरचा एमसीसीबी यावर कधीच सुटत नाही, आणि मोटरची बॉडी जिवंत राहते. म्हणून बॉडीचा अर्थ कंडक्टर पट्टीने थेट ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रल अर्थपर्यंत धातूतून जोडलेला हवा, आणि त्याशिवाय फीडरला कोअर बॅलन्स सीटीसह (गळतीचा करंट पकडणाऱ्या कॉइलसह) अर्थ लीकेज रिले हवा. कामगारांच्या खोल्यांना ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळतीवर सुटणारा ब्रेकर). दोन्हींची टेस्टची बटणं महिन्यातून एकदा दाबा.

तापीकाठची काळी माती ओली असताना अर्थसाठी उत्तम. एप्रिल-मेमध्ये ती आकसते, भेगा पडतात आणि इलेक्ट्रोडपासून सुटते. ऑगस्टमध्ये मोजलेला आकडा तेव्हा कामाचा नाही. मोजमाप मे महिन्यात घ्या, अर्थच्या पिटमध्ये पाणी घाला, पुन्हा घ्या. दोन आकड्यांत मोठा फरक आला तर तो पिट उन्हाळ्यात आधार देत नाही. खड्डे वाढवा आणि एकमेकांना जोडा. ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलला दोन स्वतंत्र अर्थ, बॉडीला दोन.

विहिरीवरची पेटीही याच यादीत

जिनिंगचा वायरमन संध्याकाळी यावल-रावेरच्या केळीच्या मळ्यात मोटर बघायला जातो, म्हणून हेही लिहायला हवं. स्टार्टरला लावलेला ऑटो लाइन आली की मोटर आपण होऊन सुरू करतो. रात्रीची थ्री फेज कधी येईल याचा भरवसा नाही. पेटी उघडण्याआधी ऑटो बंद करणं पुरेसं नाही. मेन स्विच खाली करा, किटकॅट (फ्यूजचे होल्डर) तिन्ही काढून खिशात ठेवा. किटकॅटमध्ये जाड तार बांधलेली असेल तर काम सुरू करण्याआधी योग्य मापाची फ्यूज तार घाला. मेन स्विचचं झाकण फक्त 'ऑफ'वरच उघडायला हवं. ती खिट्टी बहुतेक ठिकाणी तुटलेली असते आणि नवा स्विच एका फवारणीच्या खर्चात येतो.

पुन्हा चार्ज करताना

आधी हत्यारं मोजा, मग माणसं, मग कुलपं. सगळी कुलपं ज्याने लावली त्याच्याच हाताने निघायला हवीत. कोणी घरी गेला असेल तर त्याला बोलवा. डिस्चार्ज रॉड काढा, आधी फेजकडून. केबल ५ केव्ही मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्राने) तपासून पुन्हा डिस्चार्ज करा. दारं बंद, भोकं सीलंटने भरलेली, पॅनलमधला स्पेस हीटर चालू. एलसी परत करा. एबी स्विच एका झटक्यात लावा. व्हीसीबी 'टेस्ट'वर एकदा लावून-सोडून बघा, मग 'सर्व्हिस'ला न्या आणि दार बंद ठेवून, शक्य असेल तर दुरून, क्लोज द्या. ट्रान्सफॉर्मर पंधरा मिनिटं बिनलोडचा ठेवा आणि आवाज ऐका. मग एसीबी, मग पंखे आणि प्रीक्लीनर, शेवटी एकेक जिन. एपीएफसी ऑटोवर घ्यायचा तो निम्मी मशीन चालू झाल्यावर.